भात सोडला, कुकर नाही

मी एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. प्रेशर, वॉल्व्ह, सील, गॅस्केट ही माझी भाकरी. स्वयंपाकघराशी संबंध मात्र ताटापुरताच. निवृत्त होऊन मालवणजवळ आचऱ्याला घरी येऊन बसलो आणि दुसऱ्याच वर्षी तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी, ८.४ निघालं. मधुमेह. डॉक्टरांनी पिष्ट पदार्थ कमी करायला सांगितलं, मुलीने पुण्याहून फोनवर किटोचं समजावलं (पिष्ट अगदी कमी, चरबी भरपूर असा आहार), आणि आमच्या हिने एकच प्रश्न विचारला, "भात खाल्ल्याशिवाय माणूस जगतलो कसो?"

आठ-दहा दिवस तिने दोन स्वयंपाक केले. मग म्हणाली, "तुमचा ता किटो तुमीच शिजवा." तेव्हापासून मी शिजवतोय. अडीच वर्षं झाली. त्यात जे हाताला लागलं ते इथे सांगतो.

आधी एक गोष्ट, आणि ती पुढे-मागे ढकलू नका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात बंद करू नका. गोळीचा डोस तुमच्या जुन्या ताटाच्या मापाने ठरलेला असतो. ताट बदललं आणि गोळी तीच राहिली तर साखर एकदम खाली येते. माझी ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी अर्धी केली, नंतर बंद केली. ज्यांच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे त्यांनी तर किटोचं नावही परस्पर काढू नये. त्या गोळीवर असा आहार घेतला तर साखर फार न वाढतासुद्धा रक्तात आम्ल साचून माणूस दवाखान्यात पोचू शकतो. बीपीची गोळी, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, यातलं काही असेल तरी आधी डॉक्टर, मग कुकर. हा आहार मुळात वजनासाठी निघालेलाच नव्हे. १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी तो फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला. म्हणजे हे औषधासारखं प्रकरण आहे, मापात घ्यायचं.

माप असं. दिवसभरात पोटात जाणारी पिष्टं साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवायची. धरताना एकूण कर्बोदकांतून तंतू वजा करायचे. एक दिवस मी माझ्या रोजच्या भाताचा ढीग वजनकाट्यावर ठेवला. ३०० ग्रॅम. शिजलेल्या भातात शंभराला सुमारे २८ ग्रॅम पिष्ट, म्हणजे एका जेवणाला ८४. त्यावर डाळ, वर रात्रीची पेज. काट्याकडे बघून मी गप्प बसलो.

घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी सगळी त्याच कुळातली. कुळीथ पौष्टिक खरा, पण पिठात शंभराला पन्नाशीच्या वर कर्बोदकं, तेव्हा पिठीही गेली. आंबा आणि पिकलेला फणस यांच्याबद्दल मी बोलत नाही. काजू मात्र फसवतो. सुकामेवा म्हणून लोक मूठ-मूठ खातात, पण काजूत शंभर ग्रॅममागे तीसेक ग्रॅम कर्बोदकं आहेत. आपल्याकडे घरचाच काजू असल्यामुळे हात डब्यात जातो. मी डबा माळ्यावर ठेवला.

आता उरलं काय ते बघा. नारळ, मासे, मटण, गावठी अंडी, अळू, पडवळ, दुधी, भेंडी, वांगी, शेवग्याचा पाला, पावसात टाकळा आणि कुर्डू, वर्षभर सोलं, म्हणजे आमसुलं. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला सुमारे ३३ ग्रॅम चरबी, आणि तंतू वजा केल्यावर पिष्ट सहाच. लोक किटोसाठी बाहेरून डबे मागवतात, बदामाचं पीठ आणतात. आपल्या परसात माड उभा आहे.

वाटप: सगळ्याचं मूळ

गोची वाटपात, म्हणजे रश्श्यासाठी वाटलेल्या खोबऱ्या-मसाल्यात होते, आणि ती नारळाने नव्हे, कांद्याने. आमच्याकडे अर्ध्या किलो मटणाला तीन मोठे कांदे भाजून पडायचे. शंभर ग्रॅम कांद्यात सात-आठ ग्रॅम पिष्ट, शिवाय वर फोडणीला वेगळा. मी चार वेळचं वाटप एकदम करतो, आणि सगळ्याला मिळून कांदा एकच.

एका नारळाचा चव, एक मध्यम कांदा उभा चिरून, लसणाच्या बारा पाकळ्या, बोटभर आलं, दोन चमचे खसखस, दोन मोठे चमचे धणे, एक चमचा बडीशेप, आठ मिरी, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, थोडं दगडफूल. खोबरेल तेलावर मसाले आधी परतून बाजूला काढायचे, मग कांदा, मग खोबरं. आच मंद. खोबरं तांबूस झालं, वास घरभर गेला की उतरवा. काळं पडलं तर कडवटपणा कुठल्याच कुकरने जात नाही. गार करून कमीत कमी पाण्यात गंधासारखं वाटा. चार डब्या करून फ्रीजरात. एक डबी अर्ध्या किलो मटणाला, दोन माणसांना. असं धरलं तर वाटपातून माणशी चार-पाच ग्रॅमच्या वर पिष्ट जात नाही.

रस दाट करायला पीठ नको, बटाटा नको. खसखस आणि खोबरं ते काम करतं, उरलेलं काम उघड्या भांड्यातली उकळी करते.

प्रेशर कुकर

हा माझा विषय, तेव्हा जरा लांबवतो.

समुद्रकाठी उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं. कितीही आच वाढवा, वर जात नाही. झाकण बंद करून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि शिट्टीच्या वजनाला उचलेपर्यंत आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं. त्या वीस अंशांत सगळी जादू आहे. हाडाभोवतीचे चिवट पापुद्रे दोन तासांऐवजी वीस मिनिटांत विरघळतात. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये हे यंत्र लंडनच्या रॉयल सोसायटीत दाखवलं ते हाडं मऊ करायलाच. सेफ्टी वॉल्व्हची कल्पनाही त्याचीच. वर्कशॉपात आम्ही एअर टँकचा वॉल्व्ह तपासायचो तेव्हा तो हाडं शिजवणाऱ्या माणसाचा वारसा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

शिट्ट्या मोजणं सोडा. "पाच शिट्ट्या" हे माप नव्हे. आच मोठी असेल तर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक असेल तर अर्धा तास लागतो. पहिली शिट्टी झाली की गॅस इतका बारीक करा की शिट्टी नुसती कुजबुजत राहील, आणि तिथून घड्याळ लावा. माझ्या कुकरात बोकडाचं मटण हाडासकट वीस मिनिटं. ब्रॉयलर सात. गावठी कोंबडी पंचवीस, आणि कोंबडा जुना असेल तर पस्तीससुद्धा. पाया पाऊण तास.

किटो करणारे एक चूक हमखास करतात. तेल-तूप भरपूर घालायचं म्हणून पाणी कमी घालतात. तेलाची वाफ होत नाही हो. दाब पाण्याच्या वाफेचा. मोठी वाटीभर पाणी कुकरात हवंच, नाहीतर तळ करपतो आणि दाब चढतच नाही. आणि झाकण लावून तळायचं तर कधीच नाही. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही.

चरबीचा रस्सा असेल तेव्हा शिट्टी उचलून वाफ काढू नका. दाब अचानक पडला की आतला रस खवळतो, तेलकट फेस नळीतून वर उडतो, हात भाजतो, नळीही चोंदते. गॅस बंद करून पंधरा मिनिटं विसरून जा. मटणही त्यात मुरतं. झाकण लावण्याआधी दर वेळी नळी उजेडाकडे धरून आरपार बघायची. तुपाचा थर आणि जिऱ्याचा एक दाणा मिळून ती बंद करू शकतात. मी स्वतः काढलेत असे दाणे, शेजाऱ्यांच्या कुकरातून.

रिंग ढिली झाली की बायका ती फ्रीजरात ठेवतात. तो धक्का मारून गाडी सुरू करण्याचा प्रकार झाला. आजचा दिवस निघतो. रिंग ताठरली, चिरा गेल्या, बाजूने वाफ यायला लागली की नवी आणा. आणि सेफ्टी वॉल्व्ह वितळला तर त्याच कंपनीचा नवा. तिथे स्क्रू ठोकणारे महाभाग मी पाहिलेत.

मटण असं. अर्धा किलो मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा. कुकरात दोन मोठे चमचे खोबरेल तेल, तमालपत्र, मटण टाकून रंग बदलेपर्यंत परता, दोन चमचे मालवणी मसाला, वाटीभर कढत पाणी. झाकण, वीस मिनिटं, पंधरा मिनिटं विश्रांती. झाकण उघडल्यावर वाटपाची एक डबी घालून उघडंच आठ-दहा मिनिटं उकळा. कडेने तेल सुटायला लागलं की अर्धी वाटी नारळाचं जाड दूध घालून लगेच गॅस बंद. नारळाचं दूध दाबाखाली टिकत नाही, फुटतं, त्याचे दह्यासारखे कण होतात. पहिल्या खेपेला मी ते सुरुवातीलाच घातलं होतं. हिने झाकण उघडून नुसतं माझ्याकडे बघितलं.

अळूचं फदफदंही कुकरातलंच, फक्त गूळ आणि चणाडाळ काढायची. पानं आणि सोललेले देठ चिरून, मूठभर शेंगदाणे, चार सोलं, एक वाटी पाणी, दहा मिनिटं. मग घोटून, वाटलेलं ओलं खोबरं घालून, वर लसणीची खमंग फोडणी. सोलं विसरू नका, आणि शिजवायचा कंटाळा करू नका, नाहीतर घसा खाजतो. पाण्यावर अंडी उकडण्यापेक्षा कुकरात जाळीवर पाच मिनिटं वाफवली तर सालं सरळ निघतात. सकाळी तीच, शिल्लक वाटपात परतून.

स्लो कुकर

मुलीने हा दिवाळीला आणला, विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारा. आत जाड सिरॅमिकचं भांडं, वर काचेचं झाकण, बाजूला एक बटण. हिने फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "ह्यो तर वैल."

बरोबर ओळखलं. आमच्या आईच्या चुलीला बाजूला वैल होता. भात उतरला की निखारे तिकडे सरायचे आणि त्यावर मडकं रात्रभर. सकाळी त्यातलं शिजलेलं बोटाने तुटायचं. गंमत म्हणजे ज्या अमेरिकन इंजिनिअरने या यंत्राचं पेटंट १९४० मध्ये घेतलं, त्या इरविंग नॅक्सननेही त्याच्या आईने सांगितलेली गोष्ट मनात धरली होती. लिथुआनियात तिच्या आईकडे मांसाचं भांडं गावच्या भट्टीच्या उरलेल्या आचेवर रात्रभर ठेवत. म्हणजे वैलच.

आमचा साडेतीन लिटरचा आहे, तळाच्या पाटीवर २१० वॅट लिहिलंय. आठ तास चालला तरी पावणेदोन युनिटांच्या आत. यातली वाफ बाहेर जात नाही, झाकणाला लागून परत खाली पडते, म्हणून पाणी नेहमीच्या निम्मंच. बटणावर कमी आणि जास्त अशा दोन खुणा असल्या तरी शेवटी दोन्हींत रस उकळीच्या जवळच पोचतो. फरक पोचायला लागणाऱ्या वेळाचा.

त्या वेळातच धोका आहे. कोमट मांसात जंतू वाढतात. म्हणून मी कधीही गार माल यात टाकत नाही, आणि फ्रीजरातला गोठलेला तर नाहीच. आधी कढईत परतून, पाणी घालून खळखळ उकळी आणायची, भांडं कढत पाण्याने गरम करून घ्यायचं, मग त्यात ओतायचं. भांडं निम्म्याच्या वर, पाऊणच्या खाली भरलेलं असावं. झाकण उचलून बघायचं नाही. एकदा उचललंत की गेलेली उष्णता परत यायला वीस-पंचवीस मिनिटं. काचेतून बघा ना.

यात टाकावं काय? जे चिवट आणि चरबीचं ते. बोकडाचा खांदा, मोठ्या तुकड्यांत, अख्खा मसाला, लसणीचा एक अख्खा गड्डा, दोन चमचे तूप, अर्धी वाटी पाणी, कमी आचेवर आठ तास. नंतर चमचा लावला की मांस हाडावरून सरकतं, आणि वर बोटभर पिवळं तूप तरंगतं. दुसऱ्या आहारात ते काढून टाका म्हणतील. आपल्याला तेच हवं. वाटप शेवटच्या अर्ध्या तासात. मऊ भाज्या यात लगदा होतात, ब्रॉयलर चिकनची नुसती दोरी होते.

फ्लॉवरचा भातही दोन्ही कुकरांत करू नका. किसून, कोरड्या तव्यावर तूप घालून चार मिनिटं, बस. त्याला भात म्हणू नये असं आमच्या हिचं मत आहे आणि ते मलाही पटतं. पण रस्सा झेलायला काहीतरी लागतं.

मासे? दोन्ही कुकर बाजूला ठेवा. बांगड्याला उघड्या टोपात सात-आठ मिनिटं पुरतात. ओलं खोबरं, मिरची, धणे, हळद वाटून, सोलं टाकून उकळी आली की बांगडे सोडा, वर सात-आठ तिरफळं, बिया काढून नुसत्या साली, जरा ठेचून. कांदा लागतच नाही. तिरफळाचं तिखलं हे जगातलं सगळ्यात सोपं किटो जेवण आहे, आणि ते आपण पिढ्यान्‌पिढ्या भातात कालवून वाया घालवलं. जून-जुलैत होड्या बंद असतात तेव्हा सुके सोडे आणि वांगं, प्रेशर कुकरात एक शिट्टी.

लाइट

आता स्लो कुकरची खरी अडचण. गेल्या जुलैत रात्री दहाला मटण लावून झोपलो. पहाटे साडेपाचला उठलो तर कुकर चालू, बोट लावलं तर भांडं जेमतेम कढत. ओट्यावर एक डिजिटल घड्याळ आहे, लाइट जाऊन आली की ते बारापासून परत सुरू होतं आणि लुकलुकतं. त्यात २:१० झाले होते. म्हणजे लाइट आली तीन वाजून वीस मिनिटांनी. गेली कधी? शेजारच्या पुतण्याला विचारलं. म्हणाला, अकराच्या सुमारास पंखा बंद पडला तेव्हा तो जागाच होता. चार तासांच्या वर मटण गार होत पडलं होतं.

ही म्हणाली उकळून घेऊ. मलाही तसंच वाटत होतं, किलोभर मटण होतं. पण काही जंतू वाढताना जे विष सोडतात ते उकळीने जात नाही. माडाच्या बुंध्यात खड्डा काढून पुरलं. कुत्र्यालासुद्धा दिलं नाही.

तेव्हापासून पावसाळ्यात स्लो कुकर फक्त दिवसा, घरात कुणीतरी असताना. लाइट गेली आणि दोन तासांच्या आत कळलं तर सगळं प्रेशर कुकरात ओतून गॅसवर, उरलेलं शिजवून मोकळं. किती वेळ गेली ते कळलं नाही तर फेकायचं. वाद नाही.

आणि भांडं. गरम सिरॅमिकवर विहिरीचं गार पाणी ओतू नका. मी ओतलं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि तळापर्यंत चीर गेली. नवं मिळायला तीन आठवडे लागले.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखेल, पाय गळाल्यासारखे होतील. शरीर पाणी आणि मीठ बाहेर टाकतं त्याचा तो परिणाम. मी पायाचं सूप मीठ घालून दोन वेळा प्यायचो, नाहीतर सोलकढी. सोलकढी घरचीच. हॉटेलात बऱ्याच ठिकाणी साखर असते. बीपीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पोट साफ होत नसेल तर अळू, टाकळा वाढवा आणि पाणी प्या.

माझं एचबीएवनसी शेवटच्या तपासणीत ६.५ होतं. दर तीन महिन्यांनी तपासतो, त्यासोबत कोलेस्टेरॉलही, कारण इतकं तूप-खोबरं सगळ्यांना मानवतंच असं नाही.

दोन स्वयंपाकांचा प्रश्न असा सुटला. रविवारी मटण एकाच कुकरात लागतं. दाब उतरल्यावर माझा वाटा मी वेगळ्या टोपात काढून घेतो. मग ही उरलेल्यात बटाटे टाकते, झाकण लावते आणि शिट्ट्या मोजत बसते. मी काही बोलत नाही.